उंबर फोडून केंबरं

मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी दात येण्याआधीच एक गाठ चाखलेली असते. बाळगुटीच्या डब्यात वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, ज्येष्ठमध यांच्या सोबतीला एक टणक, भुरकट गोळा असतो. सुपारीपेक्षा लहान आणि अंगावर बारीक टेंगळं असलेला. सहाणेवर त्याचेही एक-दोन वेढे पडतात आणि ते चाटण बाळाच्या जिभेवर जातं. आजी त्याला मायफळ म्हणते. नाव फळाचं असलं, तरी तो कुठल्याही फुलातून आलेला नसतो आणि फोडला तर आत बी सापडत नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यात ओकची एक झुडपी जात वाढते. तिच्या डहाळीवरच्या कोवळ्या डोळ्यात मुंगीएवढी गांधीलमाशी अंडं घालते, आणि ज्या डोळ्यातून पानं फुटायची तिथे हा गोळा फुगतो. गोळ्याच्या मधोमध एक खोली, खोलीत एक अळी. अळी वाढते, माशी होते, भिंत कुरतडून निघून जाते. उरलेलं रिकामं घर आपण उगाळतो.

त्याच डब्यातली काकडशिंगीही याच कुळातली. पश्चिम हिमालयात पिस्त्याच्या जातकुळीचं एक झाड आहे. त्याच्या पानांवर मावा बसतो आणि तिथे पोकळ, वाकडी शिंगं उगवतात. वाळली की तीच काष्ठौषधींच्या दुकानात येतात.

मायफळ निवडताना एक जुनी खूण पाहतात: गोळ्याला भोक आहे का? भोक नसेल तर माशी बाहेर पडण्याआधीच गाठ तोडलेली असते. ती वजनाला जड, रंगाला काळपट-निळसर आणि जास्त तुरट लागते. भोक असलेली हलकी आणि फिकी. या तुरटपणाला पूर्वी मोठी बाजारपेठ होती. ओकच्या गाठींचा अर्क, हिराकस आणि डिंक यांची काळी शाई युरोपात हजारएक वर्षं वापरली गेली. ही शाई हळूहळू कागद खाते. बाख या संगीतकाराची हस्तलिखितं तिने कुरतडली आणि ती वाचवायला ग्रंथालयांना कष्ट घ्यावे लागले.

इंग्रजीत अशा गाठीला गॉल म्हणतात. या प्रकरणात आपण त्या आपल्या रस्त्यावर, बांधावर आणि डोंगरात शोधणार आहोत. मात्र आधी एक सावधगिरीची सूचना. गॉलवरची बहुतेक सुरेख पुस्तकं युरोप-अमेरिकेत लिहिली गेली आणि ती ओकच्या गाठींनी भरलेली आहेत. अमेरिकेत माणसाच्या लैंगिक वर्तनावर अहवाल लिहून गाजलेले आल्फ्रेड किन्से त्याआधी वर्षानुवर्षं ओकवरच्या गांधीलमाश्याच गोळा करत होते. सह्याद्रीत मात्र ओक मुळातच नाही. ती पुस्तकं घेऊन ताम्हिणीत गेलात तर हात हलवत परत याल. आपल्याकडच्या गाठी मुख्यतः कोळी, सायला, मिजमाशी आणि फुलकिडे यांच्या. ही मंडळी निराळी, त्यामुळे त्यांना ओळखायची रीतही निराळी. भारतातल्या गाठींचा सर्वांत मोठा हिशेब एम. एस. मणी यांनी मांडला. त्यांचं ‘प्लँट गॉल्स ऑफ इंडिया’ १९७३ साली आलं आणि आजही या वाटेवरचा माणूस फिरून त्याच्याकडेच येतो.

गाठ म्हणजे नेमकं काय, हे आधी बघू. पान कुरतडलं, दुमडलं, त्यावर कोष विणला, तर ती गाठ होत नाही. गाठीत झाड स्वतः नव्या पेशी घडवतं आणि त्या एरवी कधी घडवणार नाही अशा आकारात रचतं. विटा झाडाच्या, मजुरी झाडाची, नकाशा मात्र किड्याचा. घरमालकाच्या पैशांनी भाडेकरूने आपल्या सोयीचा बंगला बांधून घ्यावा, आणि वर जेवणही त्याच्याच स्वयंपाकघरातून यावं, असा हा व्यवहार आहे. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने १६७९ साली गाठींची चित्रं काढली आणि त्या किड्यांच्या अंड्यांमुळे होतात हे दाखवलं. तोवर गाठीतली अळी आपोआप उपजते असाच समज होता.

नकाशा झाडापर्यंत पोचतो कसा, याचं उत्तर मात्र अजून तुकड्यातुकड्यांनीच हाती येतं आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रातून एक शोधनिबंध आला. पहिल्या लेखिका ऐश्वर्या कोरगावकर, गटप्रमुख डेव्हिड स्टर्न. विच हेझल नावाच्या झुडपाच्या पानांवर एक मावा शंकूसारख्या गाठी करवतो. काही लाल होतात, काही हिरव्या राहतात. गाठ कोणत्या रंगाची होणार हे माव्याच्या एका जनुकावर ठरतं, असं त्यांना आढळलं. ते जनुक ज्या प्रथिनांच्या घराण्यातलं, ती प्रथिनं माव्याच्या लाळग्रंथीत तयार होतात. पान झाडाचं, लाली झाडाची, आणि ती उमटू द्यायची की नाही हे ठरवणार किड्याची लाळ!

आता बाहेर पडू. गाठी शोधायला निघालेला नवखा माणूस किडे शोधत हिंडतो आणि कंटाळतो. आधी झाड ओळखा. गाठ करणारा किडा सहसा एकाच जातीच्या झाडावर किंवा तिच्या अगदी जवळच्या भाऊबंदांवर राहतो, आणि त्या झाडाचाही एकच अवयव धरतो. त्यामुळे झाडाचं नाव पक्कं झालं की शेकडो शक्यतांमधून तीन-चारच उरतात. झाड चुकलं तर पुढचं सगळं चुकलं. वनस्पतिशास्त्र येत नसलेल्या कीटकतज्ज्ञापेक्षा झाडं ओळखणारा गुराखी या कामात लवकर तयार होतो, असं माझं मत आहे.

सुरुवात करंजापासून करा. तो रस्त्याकडेला असतो, ओढ्याकाठी असतो, शाळेच्या आवारातही असतो, आणि गाठी नसलेला करंज शोधणं हीच खरी कसोटी आहे. होळीच्या आसपास त्याला पोपटी पालवी फुटते आणि पाठोपाठ पानांवर हिरवट-पिवळी बोंडं वर येऊ लागतात. काही गोल, काही बोटासारखी लांबट. दाट आली की पान वेडंवाकडं होतं. जवळून जाणारा ‘रोग पडलाय’ म्हणतो आणि पुढे जातो. तुम्ही थांबा. पान उलटं करा. वरच्या बोंडाच्या बरोबर खाली एक बारीक तोंड दिसेल आणि तोंडात लव. सोनार वापरतो तसं दहापट भिंग जवळ असेल, तर पात्याने बोंड उभं चिरा आणि थोडा वेळ नजर स्थिर ठेवा. लवेच्या रानात पांढुरक्या, गाजराच्या आकाराच्या ठिपक्यांची हालचाल दिसते. हे एरिओफाइड कोळी. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. कोळ्याच्या जातीला आठ पाय असतात, यांना चारच.

आता त्याच करंजाची फुलं गळल्यावर शेंगा बघा. चपट्या शेंगांच्या घोसात एखादा घोस हिरव्या गोटीसारख्या गोळ्यांचा निघतो. तीही गाठच, पण कर्ता दुसरा. एका मिजमाशीने फुलाच्या अंडाशयात अंडं घातलेलं असतं. गोळा चिरला तर अळीच्या खोलीच्या भिंतीला बुरशीचं अस्तर दिसेल. या घराण्यातल्या माश्या अंड्याबरोबर बुरशीही आणतात आणि अळी त्या बुरशीवर वाढते. म्हणजे एकच झाड, पानावर कोळी, फुलावर माशी, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

करंजावर आपण जे केलं त्यातच पुढची रीत आली. झाड झाल्यावर दार बघायचं. गाठीला तोंड आहे की ती चहूबाजूंनी बंद आहे, एवढ्या एका गोष्टीवरून आतल्या माणसाचा निम्मा पत्ता लागतो. कोळ्यांच्या गाठीला तोंड असतं आणि बहुधा ते लवेने झाकलेलं असतं. मोगऱ्याच्या पानांवर पांढुरकी बनातीसारखी लव उगवते ती याच मंडळींची. तिथे तर गाठ म्हणावी असा उंचवटाही धड नसतो, नुसती लव. असल्या लवेला शास्त्रज्ञसुद्धा फसले होते. ती बुरशी समजून त्यांनी तिला बुरशीचं शास्त्रीय नावही देऊन टाकलं होतं. तेव्हा तुम्ही फसलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

फुलकिड्यांचं काम गबाळं. ते पान दुमडतात किंवा गुंडाळतात, कड कुठे पूर्ण मिटलेली नसते. सोसायटीच्या दारात कुंडीत किंवा कुंपणाला शोभेचा बारीक पानांचा फायकस लावलेला असतो. त्याची शेंड्याकडची पानं मधल्या शिरेवर पुस्तकासारखी मिटलेली आणि लालसर ठिपक्यांची दिसली, तर एक पान उघडा. काळे, काडीसारखे फुलकिडे सैरावैरा धावतील, सोबत त्यांची फिकी पिल्लं आणि अंडी. बकुळीच्या पानांच्या कडाही फुलकिडेच वळवतात.

मिजमाशीची गाठ बंद, नीटस आणि आकाराने एकसारखी. आंब्याच्या पानावर चामखिळीसारखे फुगवटे असतात, ते हात लावून बघितलेच असतील. प्रत्येकात एक पिवळसर, बिनपायांची अळी. माशी बाहेर पडली की तिथे टाचणीने टोचल्यासारखं भोक राहतं.

सायलाची गाठही वाढताना बंद असते, पण आतल्या रहिवाशाला पाय असतात, डोळे असतात, पाठीवर पंखांचे कोंब असतात आणि अंगाला पांढरा मेणकट भुसा. जबडे नसल्यामुळे त्याला भिंत कुरतडता येत नाही. मग गाठच वेळ आल्यावर तडकते आणि तो बाहेर येतो. सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, शहरात हल्ली जागोजागी आहे. तिच्या पानांवर हिरव्या मण्यांसारख्या गाठी अशाच. उंबराच्या पानावरचे फोडही सायलाचेच. पुष्कळदा अख्खं पान त्यांनी भरून गेलेलं असतं.

सातविणीनेच मला पहिला धडा दिला. गाठीची पानं मी लोणच्याच्या बरणीत घातली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि रोज सकाळी डोकावत राहिलो. सहाव्या दिवशी बरणीच्या काचेवर हिरव्या-निळ्या धातूच्या चमकीच्या गांधीलमाश्या फिरत होत्या, तिळापेक्षाही लहान. मी वहीत ऐटीत लिहिलं: गाठ करणारी, हिरवी गांधीलमाशी. वर्षभराने एक जाणते गृहस्थ वही चाळताना हसले. ‘घर कोणी बांधलं ते राहू द्या,’ म्हणाले, ‘तुम्ही चोराला मालक ठरवलंत.’ माझ्या माश्या परोपजीवी होत्या. गाठीला बाहेरून टोचून आतल्या सायलावर अंडी घालायची, पिल्लांनी सायलाला खाऊन संपवायचं आणि स्वतः बाहेर पडायचं, असा त्यांचा धंदा. गाठीतून निघालेला प्राणी गाठीचा कर्ता असेलच असं नाही. काही किडे तर घरमालकाला हातही न लावता नुसते आयत्या घरात राहायला येतात.

म्हणून माझी रीत आता अशी आहे: दहा गाठी मिळाल्या तर तीन जागच्या जागी चिरून बघायच्या, पाच बरणीत ठेवायच्या, दोन झाडावरच सोडायच्या. पान लवकर वाळतं, तेव्हा देठाला ओला कापूस गुंडाळावा, आणि बरणीत वाफ धरू नये म्हणून टिपकागदाचा तुकडा टाकावा. फोटो पानाच्या दोन्ही बाजूंचा घ्यावा, शेजारी पट्टी ठेवून. चिठ्ठीवर झाड, गाव आणि तारीख लिहावी. तारीख लिहायचा कंटाळा केलात तर पुढच्या वर्षी तीच गाठ शोधताना पस्तावाल. पालवीनंतरचे दोन-तीन महिने हाताशी असतात, मग उरतात ती रिकामी खोकी.

गाठ नसलेल्या गाठीही पुष्कळ असतात. ऐनाचं पान उलटं केलं तर देठाजवळ दोन टेंगळं दिसतात. त्या झाडाच्या स्वतःच्या ग्रंथी आहेत, ऐन ओळखायची ती खूणच आहे. खवले कीड डहाळीला चिकटलेली असते, नखाने खरवडली की सुटते. गाठ सुटत नाही, सालीसकट निघते. बांडगूळ जिथे फांदीत घुसतं तिथलं फुगीर लाकूड हा तर स्वतंत्रच विषय आहे.

झाडाच्या जिवाला गाठी सहसा धोका करत नाहीत. करंजाची पानं दरसाल बोंडांनी भरतात आणि करंज दरसाल फुलतो. फवारणी करणाऱ्यांना मी हेच सांगत असतो. पण शेतात हिशेब वेगळा होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धान पिकवणाऱ्याला गॉल हा शब्द ठाऊक नसेल, ‘गाद’ मात्र तो झोपेतही ओळखेल. डासासारखी दिसणारी गादमाशी भाताच्या रोपावर अंडी घालते, अळी फुटव्याच्या वाढत्या कोंबाशी पोचते आणि तिथे पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी निघते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. नळीच्या टोकाला भोक आणि भोकात अडकलेली कोषाची रिकामी साल दिसली, की माशी उडाली असं समजायचं. इथेही चोर आहेच आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे: प्लॅटिगॅस्टर नावाची परोपजीवी गांधीलमाशी. गादमाशीच्या एका अळीतून तिची कितीतरी पिल्लं निघतात. त्याच पट्ट्यात ऐनावर टसरचे किडे पाळतात. ऐनाच्या पानांवर सायलाच्या गाठी दाटल्या की ते पान रेशीमकिड्याच्या कामाचं राहत नाही.

काही गाठी तर परदेशाहून आल्या. निलगिरीच्या पानांच्या मधल्या शिरेवर आणि देठावर गुलाबी-हिरवे फुगवटे ज्या गांधीलमाशीमुळे येतात, ती मूळची ऑस्ट्रेलियाची. पांगाऱ्याची पानं आणि देठ सुजवणारी तिची दूरची नातेवाईक आफ्रिकेकडची. दोघींना शास्त्रीय नाव मिळालं ते २००४ साली, आणि तोवर दोघी कितीतरी देश फिरून झाल्या होत्या. पांगाऱ्यावरची २००५ साली हवाईत पोचली, तेव्हा तिथला स्थानिक पांगारा संपतो की काय अशी वेळ आली. शेवटी आफ्रिकेतून तिचा परोपजीवी शोधून आणून २००८ साली सोडला, तेव्हा झाडांनी श्वास घेतला.

गाठ उलट कामालाही लावता येते. गाजर गवताच्या खोडात गाठ करणारा एक पतंग ऑस्ट्रेलियात त्या गवतावर सोडलेला आहे. १९८०च्या दशकात तो बंगळुरूच्या प्रयोगशाळेत आणला गेला. सोडण्याआधी त्याला इतर रोपं देऊन तपासलं, तर पठ्ठ्या कारळ्याच्या रोपावरही सुखाने वाढला. कारळे म्हणजे आपल्या चटणीतले कारळे, गाजर गवताच्याच कुळातलं तेलबियांचं पीक. प्रयोग तिथेच थांबवला आणि सगळे पतंग मारून टाकले. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आता म्हणीकडे. उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं आपल्याकडे बजावतात. झाकलेलं झाकलेलंच बरं, हा तिचा अर्थ. गाठींचा नाद लागलेल्याला ही म्हण पाळता येत नाही, कारण त्याचा सगळा उद्योगच फोडून बघण्याचा. आणि गंमत अशी, की उंबरातल्या केंबरांचा मोठा भाग गाठीतलाच. ज्याला आपण उंबर म्हणतो ती आत वळलेली फुलांची परडी आहे. बारीक गांधीलमाशी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, परागकण आणते आणि आखूड फुलांच्या अंडाशयात अंडी घालते. प्रत्येक अंड्याभोवती फुलाची गाठ होते आणि गाठीत एक पिल्लू वाढतं. ज्या फुलांत अंडं पडत नाही त्यांचं बी होतं. आधी बिनपंखी नर गाठीतून बाहेर येतात, माद्यांच्या गाठींना भोकं पाडतात आणि बाहेर पडायला भुयार खणून तिथेच मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. फळ लाल होऊन मऊ पडतं ते बहुधा त्यानंतर. केंबरं घरात असताना पाहायची असतील, तर उंबर हिरवं असतानाच फोडावं लागतं.